पाच मिनिटं वर्ग सांभाळ

देवा मल्लिकार्जुना,

पाच वाजायला आलेत. समाजमंदिराचं कुलूप मी नुकतंच काढलंय आणि बायका यायला अजून अर्धा तास आहे. हा अर्धा तास मी रोज तुझ्यासाठी राखून ठेवते, असं लोकांना सांगते. खोटं आहे ते. या वेळात मी फरशी झाडते, चादरींच्या घड्या मोजते, काल कोण आली नव्हती आणि का आली नसेल याचा हिशेब करते. आज केरसुणी कोपऱ्यात उभी करून ठेवली आहे. आज तुझ्याशी बोलायचंय, आणि थोडं मागायचंयही.

आमच्या सोलापुरात शांतता मागायची तर जपूनच मागावी लागते. पूर्व भागात या घटकेलाही माग चालू आहेत. खटक् खटक्, खटक् खटक्, भिंतीतून, फरशीतून, तळपायांतून. बाहेरगावच्या पाहुण्याचा पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आम्ही त्या आवाजावर झोपतो आणि आवाज थांबला की दचकून जागे होतो. लाईट गेली की सगळी गल्ली एका क्षणात गप्प होते, आणि मग अंधारात घराघरांतून माणसं उठून बसल्याची चाहूल लागते. कापड निघत नाही म्हणजे मजुरी नाही. शांतता म्हटलं की लहानपणापासून मला हेच आठवतं, आणि पोटात गोळा येतो.

माझे बाबा गिरणीत होते. घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता. चूल पेटवायची, शाळेची वेणी घालायची, सगळं भोंग्यावर. मग गिरणी बंद पडली आणि भोंगाही. बाबा ओट्यावर बसू लागले. पाठ ताठ, तळवे मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. आज मी ज्या बैठकीला सुखासन म्हणते, अगदी तशी. तासन्‌तास हलायचे नाहीत. येणारी-जाणारी माणसं आईला म्हणायची, "तुमचे मालक किती शांत झाले हो!" आई काही बोलत नसे. दिवसाला हजार विड्या वळायच्या असत, तिला बोलायला सवड कुठली. मला मात्र कळत होतं, बाबा शांत झालेले नाहीत. गिरणीसारखेच तेही बंद पडलेत.

म्हणून 'शांती दे' हे शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत, देवा. देताना तू नेमकी कोणती देशील, याचा भरवसा वाटत नाही.

योगाकडे मी काही तुझ्यासाठी आले नव्हते. मागाच्या कांड्या भरून भरून चाळिशीत कंबर धरली. डॉक्टर म्हणाले वाकू नका, शेजारीण म्हणाली वाकायला शिक. मी शेजारणीचं ऐकलं. ज्या सरांकडे गेले ते मोजकंच बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पतंजलींच्या नावावर एवढंच सांगितलं, की आसनाला दोन अटी आहेत. ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. जवळजवळ दोनशे सूत्रांच्या त्या ग्रंथात आसनाच्या वाट्याला जेमतेम तीन सूत्रं आली आहेत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी आसनांची यादी पाठ करण्यात वर्षं घालवली होती. कंबर सुटली. हलासन जमलं त्या दिवशी तर मी गल्लीभर सांगत सुटले. पाय डोक्यामागे टेकवून दगडासारखी स्थिर राहायचे आणि मनात मोजत असायचे, शेजारची माझ्याआधी उतरते की नाही. पहिली अट पुरी झाली होती. दुसरीचं काय? स्थिर तर बाबाही होते.

पुढे सरांनी चित्तवृत्तींच्या निरोधाबद्दल सांगितलं. (हा शब्द मी वर्गात उच्चारत नाही. एकदा उच्चारला होता, तर मागच्या रांगेतल्या बायकांनी पदरात तोंडं खुपसली. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी तो भलत्याच अर्थाने वाचलेला. तूही हसला असशील.) निरोध म्हणजे मनाला टाळं ठोकायचं, असंच मी धरून चालले होते. उलगडा झाला तो मागाकडे बघताना. धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो आणि परत फिरतो. फिरण्याआधी दर खेपेला तो पेटीत क्षणभर टेकतो. तेवढ्यात ताण्याचे धागे खालीवर होतात आणि त्याची पुढची वाट उघडते. तो मध्येच अडकला तर मात्र ताणा फाटतो, पन्नास धागे एकदम तुटतात, आणि मागावाला कपाळाला हात लावतो. श्वास आत येतो, बाहेर जातो, आणि दोन्ही टोकांना अशीच एक पेटी आहे. सर तिला कुंभक म्हणायचे. ज्या आवाजात मी वाढले त्यातच तू ती ठेवली होतीस, आणि मी वही-पेन घेऊन पुस्तकात शोधत बसले होते.

एका पहाटे मी त्या पेटीत टेकले. नाडीशोधन चाललं होतं. रेचक संपला आणि पुढचा श्वास घ्यायची घाई उरली नाही. किती वेळ ते सांगता यायचं नाही, फार नसेल. बाहेर माग चालू होते, कुणाच्या तरी घरी कुकर वाजला, सगळं ऐकू येत होतं. आत सगळं थांबलेलं होतं आणि पोटात गोळा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा शांततेची भीती वाटली नाही. मग श्वास आपला आपण आला, जणू कुणी दार न वाजवता घरात यावं तसा. दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी, त्याच चादरीवर, तशीच बसून ती जागा शोधायला गेले. सापडली नाही. आठ दिवस शोधली.

ही तुझी जुनीच खोड आहे. सिद्धरामाचंही तू असंच केलंस. बाराव्या शतकात या गावाला सोन्नलगी म्हणत, तेव्हा मुद्दगौडा आणि सुग्गव्वेचं हे पोर गुरं राखत होतं. तू जंगमाच्या वेषात आलास, मल्लय्या नाव सांगितलंस, दहीभात मागितलास. पोर धावत घरी गेलं, भात घेऊन आलं, तर तू गायब. 'मल्लय्या, मल्लय्या' हाका मारत ते यात्रेकरूंच्या मागे थेट श्रीशैलापर्यंत गेलं आणि कड्यावरून उडी टाकायला निघालं, तेव्हा कुठे तू त्याचा हात धरलास. आणि हात धरून काय सांगितलंस? इथेच बस, डोळे मीट, असं तू म्हणाला नाहीस. गावाकडे परत जा, म्हणालास, आणि त्याच गावाचं श्रीशैल कर.

तो परतला. त्याने अडुसष्ट लिंगं स्थापली, माणसं जमवली आणि तळं खोदायला घेतलं. मग अल्लमप्रभू आले. कन्नडातल्या 'शून्यसंपादने'त या भेटीची कथा आहे. सगळीकडे कुदळी चालल्या आहेत, मातीच्या पाट्या डोक्यावरून जात आहेत, आणि हा अवलिया येऊन सिद्धरामाला माती उपसणारा म्हणून हाक मारतो. लोक चिडले, दगड घेऊन धावले. सिद्धराम मात्र ऐकत राहिला. बाहेर एवढं खणलंस, आत किती खणलंस, असा त्या बोलण्याचा रोख होता. त्यानंतर तो कन्नड मुलखातल्या कल्याणला गेला, तिथल्या शिवभक्त शरणांमध्ये बसला, चन्नबसवण्णांकडून त्याने दीक्षा घेतली.

ही गोष्ट सांगणारे सगळे अल्लमप्रभूंच्या बाजूचे असतात. मीही असायला हवं, योग शिकवते ना. पण माझं मन सिद्धरामाकडेच धावतं. ते तळं आजही गावाच्या मधोमध आहे आणि त्या पाण्यातच त्याची समाधी आहे. बोचऱ्या उन्हाच्या या गावात, जिथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जाऊन टेकतो, तिथे आठशे वर्षांनंतरही माणसं संध्याकाळी त्या पाण्याकडे तोंड करून बसतात. कुणी काही बोलत नाही. आतला योग काय आणि बाहेरचा काय, हे मला तरी तिथे बसल्यावर वेगळं काढता आलेलं नाही.

माझा हा वर्ग म्हणजे माझं तळं आहे, असं धरून चाल. बारा वर्षं झाली खणतेय. आत ओल लागली का, हे विचारायला माझ्याकडे अल्लमप्रभू यायचे नाहीत. तूच विचार. पण हळू विचार, आमच्या बायकाही दगड उचलायच्या.

आणि विचारण्याआधीच मी कबूल करते. 'शांत व्हा' हे मी वर्गात ओरडून सांगते. २१ जूनचा योग दिन आला की माझ्या अंगात येतं. २०१५ पासून दरवर्षी त्या दिवशी मैदानावर गर्दी होते, फोटो निघतात, पाहुण्यांना वज्रासनात पाच मिनिटं बसवत नाही म्हणून खुर्च्या मागवल्या जातात. मी पुढच्या रांगेत जागा धरून असते. २२ जूनला आम्ही पुन्हा त्याच नऊजणी असतो, आणि मी त्या नऊजणींवर चिडचिड करते, जणू न आलेल्यांचा राग आलेल्यांनी सोसायचा. नळाला पाणी यायचा दिवस असला तर वर्गात तिघीच उरतात. चार-चार दिवसांनी येणारं पाणी सोडून कोण येईल? तरी मला ते लागतं. आणि ज्या दिवशी माझ्या घरी पाणी येणार असतं त्या दिवशी मी पद्मासनात बसलेली असते, डोळे मिटलेले, आणि दोन्ही कान गल्लीतल्या नळाला लावलेले. पहिला खळखळाट झाला की माझं ध्यान संपलं. तू पाहिलंस ना? पाहिलंच असशील.

या बायका मात्र तू निवडून पाठवल्यास. काहीजणी विड्या वळतात, काही कांड्या भरतात, दोघी धुणीभांडी करतात, एक बँकेतून निवृत्त झालेली आहे आणि ती येताना स्वतःची गुलाबी मॅट गुंडाळून आणते. बाकी सगळ्या चादरीवर. शहाबादी फरशीवर चादर सरकते, म्हणून खाली पोतं. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या, दोर वापरून आजारी आणि वयस्क माणसांनाही आसनात बसतं केलं. आमच्याकडे चादरच सगळं करते. चौघडी केली की बैठक, गुंडाळी केली की पाठीखालचा लोड, लांब धरली की पट्टा. याच गावच्या मागावर विणलेली असते. कधी कधी जिच्या अंगाखाली ती अंथरलेली असते, तिच्याच घरात तिच्या कांड्या भरलेल्या असतात.

श्वास हा शब्द मी पहिल्या दिवशी उच्चारला तेव्हा अर्ध्याजणी माझ्याकडे बघत राहिल्या. मग एक तेलुगू मावशी दुसरीला म्हणाली, "ऊपिरि, ऊपिरि." कोपऱ्यातून कन्नडमध्ये कुणी तरी पुस्ती जोडली, "उसिरु." आणि आमची चाची म्हणाली, "दम बोलो ना सीधा." तेव्हापासून मी चारी शब्द एकापाठोपाठ म्हणते. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभारलं, उड्डियान आणि नौलीत पोटातला दाब किती उतरतो ते यंत्र लावून मोजलं, आणि त्या आतल्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. मोजता मोजता गुरूची आठवण ठेवणारा हा माणूस मला आवडतो. माझ्याकडे यंत्र नाही. चार भाषांतून उच्चारलेला एक श्वास एकाच वेळी नऊ नाकांतून बाहेर पडतो, तेव्हा खोलीत जे होतं ते मी कशाने मोजू?

वृक्षासन शिकवायला मला कधी कष्ट पडले नाहीत, ती तुझी कृपा आणि यात्रेची. झाडासारखं उभं राहा म्हटलं तर बायका डुलतात. नंदीध्वज धरल्यासारखं उभं राहा म्हटलं की एकदम ताठ. संक्रांतीच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतला एकेक जण तो उंच ध्वज एकट्याने तोलत गर्दीतून अनवाणी चालतो, हे त्यांनी जन्मापासून पाहिलेलं असतं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो, हेही त्यांना ठाऊक असतं. सात नंदीध्वज, आणि भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामाशीच लग्न करीन असा हट्ट धरला. त्याला संसार करायचा नव्हता. पण त्याने तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, आपला योगदंड दिला आणि याच्याशी लग्न लाव म्हणाला. दरवर्षी अख्खं गाव त्या लग्नाला जमतं. मी अक्षता टाकताना त्या मुलीकडे मनातल्या मनात बघत असते. तिला हवं होतं ते मिळालं नाही, पण हातात काहीतरी घेऊनच ती गेली.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना जे हवं असतं ते बहुतेक वेळा माझ्यापाशी नसतं. कुणाचा नवरा पितो. कुणाची साखर तीनशेच्या खाली येत नाही आणि गोळ्या महिन्याच्या शेवटी संपतात. कुणाच्या विड्या मुकादम खराब म्हणून बाजूला काढतो आणि त्याचे पैसे देत नाही. अनुलोम-विलोम करा, असं मी त्यांना सांगते आणि सांगताना माझीच जीभ अडखळते. देवा, नाही म्हणतानाही हातात काहीतरी देता यावं, एवढी ऐपत मला दे. निदान एक दंड. आधाराला टेकता येईल असा.

आता अक्काचं सांगते, आणि मग मागणं.

अक्का सत्तरीच्या घरातली. पन्नासेक वर्षं विड्या वळल्या असतील. शवासनात सगळ्या निपचित पडल्या तरी तिची बोटं चालू असायची. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, बारीक, सारखी. मला वाटलं जप करते. फार बरं वाटलं मला, माझ्या वर्गात कुणी जप करतंय म्हणून. मग एक दिवस जवळून पाहिलं. पान दुमडणं, तंबाखू सारणं, वळणं, टोक आत खोचणं. ती विड्या वळत होती. अंग झोपलेलं, बोटं कामावर. माझी आई आठवली, आणि त्या दिवशी मला पुढचं आसन सांगता आलं नाही.

मी तिला कधी टोकलं नाही. तेवढं शहाणपण तू दिलंस. पायाची बोटं सैल सोडा, पोटऱ्या सैल, गुडघे सैल, असं म्हणत मी वर यायचे आणि हाताच्या बोटांपाशी आले की आवाज जरा खाली आणायचे. दोन पावसाळे गेले. गेल्या आठवड्यात, मंगळवारी, मी डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत आले आणि सहज नजर गेली, तर अक्काची बोटं थांबलेली. उघडा तळवा, बोटं किंचित वळलेली, झोपलेल्या मुलाची असतात तशी.

आणि मी काय केलं असेल? मी घाबरले. बारा वर्षं ज्या क्षणासाठी खटपट केली तो समोर आला आणि माझ्या पोटात तोच गोळा. मी धावत गेले, वाकले, तिच्या नाकाखाली बोट धरलं. अक्काने एक डोळा उघडला. "ऊपिरि उंदम्मा," म्हणाली. श्वास आहे गं. मग माझ्याकडे जरा बघत राहिली आणि म्हणाली, "नुव्वु पडुको." तू आडवी हो.

तिचा डोळा पुन्हा मिटला. मी तशीच उभी राहिले.

बारा वर्षांत मी वर्गात एकदाही शवासन केलेलं नाही, देवा. शिकवणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात, कुणाला चक्कर येते, कुणी घोरतं, कुणाला रडू फुटतं, असं मी सांगत आले. ते खरंही आहे. पण त्याआड मी लपले, हेही खरं. सगळ्या थांबल्या की कुणीतरी चालू राहायला हवं, नाहीतर सगळंच बंद पडेल, ही ओट्यावर बसलेल्या बाबांकडे बघणाऱ्या पोरीची भीती आहे. ती पोर अजून माझ्यात उभी आहे. तिला एकदा टेकू दे. ते बाबांचं झालं तसं बंद पडणं नाही, यातून उठता येतं, हे तिला मी सांगून पटत नाही. अक्काने सांगितलं तर पटेल कदाचित. तू अक्काच्या तोंडून बोललास की काय, हे मी विचारणार नाही. तुला वेष पालटायची सवय आहे, एवढंच माहीत आहे.

दारात चपलांचे आवाज आलेत. गुलाबी मॅट आधी येते, नेहमीसारखी. तेव्हा पटकन मागते.

आज शवासनात मीही आडवी होणार आहे. एक चादर जास्तीची काढून ठेवलीय, भिंतीकडेला. पाच मिनिटं, फार नाही. तेवढा वेळ वर्ग तू सांभाळ. दाराची कडी सैल आहे, वाऱ्याने वाजेल, ती धर. मधल्या रांगेतली घोरायला लागली तर तिला हळूच कुशीवर वळव, तिला कळू देऊ नकोस, लाजते ती. नवीन आलेली मुलगी डोळे मिटायला भिते, तिच्या जवळ बस. लाईट गेली आणि माग थांबले, तर मला उठवू नकोस. अक्काची बोटं चालू लागली तर चालू दे. आणि पाच मिनिटं झाली की पायाच्या अंगठ्यापासून सुरू कर, सावकाश, चारी भाषांत सांग. शेवटी मला उठव.